माळ्यावर ओझे वाढवण्याआधी

जुन्या घरांचे माळे सध्या नव्या कामाला लागले आहेत. कोकणात घराचा थोडा भाग पर्यटकांना राहायला द्यायचा ठरला की माळ्यावर दोन खाटा बसतात का, हे आधी पाहिले जाते. वाई-साताऱ्याकडच्या किंवा पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत माळ्यावर पुस्तकांची कपाटे चढतात, वॉशिंग मशीन चढते, कधी चक्क पाण्याची टाकी चढते. मग सुताराला बोलावणे जाते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती जाडीचे लाकूड घालावे लागेल? खरे तर हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. आधी माळ्यावरचे बिनकामाचे ओझे उतरवावे, मग कड्यांची, म्हणजे माळ्याची जमीन पेलणाऱ्या आडव्या लाकडांची, भिंतीत गेलेली टोके तपासावीत, मग गाळा, म्हणजे कडीच्या दोन आधारांमधले अंतर, कमी करता येतो का ते पाहावे, आणि इतके करूनही गरज उरली तर नवे लाकूड किंवा लोखंड आणावे. हाच क्रम उलटा केला की पैसा जातो, माळा वरून भक्कम दिसू लागतो आणि दुबळी जागा होती तिथेच, होती तशीच राहते.

ओझे किती, हे अंदाजाने नव्हे तर आकड्यात ठरवले पाहिजे. इमारतींवर येणाऱ्या भारांविषयीचे भारतीय मानक ८७५ राहत्या घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरायला सांगते, म्हणजे चौरस फुटाला साधारण १९ किलो. घरातल्या कोठीच्या खोलीसाठी हाच आकडा ३०० च्या घरात जातो, आणि ग्रंथालयात पुस्तकांच्या उंच मांडण्या जिथे ओळीने उभ्या असतात तिथे ६०० च्या. खाटा आणि माणसे यांचा भार माळ्याला एक वेळ झेपतो, पुस्तकांचा झेपत नाही, याचे कारण या आकड्यांत आहे. माणसे येतात-जातात, पुस्तके, धान्य, फरशी यांचे ओझे रात्रंदिवस तिथेच बसून असते. लाकूड सतत भाराखाली राहिले की वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जाते आणि ते वाकणे भार काढल्यावरही पूर्ण परत फिरत नाही. तेव्हा माळ्यावर काय ठेवणार, किती आणि कुठे, हे कागदावर लिहून मगच सुताराशी बोलावे.

आता बिनकामाच्या ओझ्याविषयी. देशावरच्या बहुतेक वाड्यांत आणि कोकणातल्याही कित्येक घरांत तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर, वर सारवण किंवा शहाबादी फरशी, अशी रचना असते. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते, वरच्या पावलांचा आवाज खाली येऊ देत नाही, आगीलाही थोडी अडवते. पण तिचे वजन कुणी मोजत नाही. सुकलेली, दाबलेली माती घनमीटरला १६०० ते १८०० किलो भरते, म्हणजे चार इंचांचा थर चौरस मीटरला १६० ते १८० किलो झाला. एक हिशेब करून पाहू. कड्या ३ इंच रुंद आणि ४ इंच उंच, गाळा १० फुटांचा, दोन कड्यांमधले अंतर दीड फूट. लाकूड सागवानाचे, पण जुने आणि दर्जा तपासलेला नाही, म्हणून सावधपणे दर चौरस मिलिमीटरला ८ न्यूटन एवढाच ताण त्याला सोसतो असे धरू. अशी जमीन चौरस मीटरला सगळे मिळून सुमारे २०० किलो उचलते. त्यातले १७० किलो मातीनेच खाल्ले, आणखी २५ ते ३० किलो फळ्या आणि कड्या यांचे स्वतःचे. बाकी शून्य. म्हणजे हा माळा आज जो उभा आहे तो हिशेबाच्या काठावर, लाकडात राखून ठेवलेल्या सुरक्षिततेच्या भांडवलावर उभा आहे. तीच माती उतरवली आणि फळ्या उघड्या ठेवल्या, तर एका पैशाचेही नवे लाकूड न घालता राहत्या खोलीला लागणाऱ्या भाराच्या जवळपास आपण पोचतो. माती मात्र घमेल्याघमेल्याने, खोलीच्या दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. एका बाजूची सगळी माती काढून दुसरीकडे ढीग केला तर ढिगाखालच्या कड्यांचा कडेलोट तिथेच होईल. उष्णता आणि आवाज यांसाठी नंतर हलका पर्याय शोधता येतो.

यावर नेहमी एक उत्तर मिळते. आजोबांच्या काळी याच माळ्यावर भाताची पोती रचलेली असत, तेव्हा काही झाले नाही, आता काय होणार? हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्यात एक खरा पुरावा आहे: घर इतकी वर्षे उभे आहे. पण तो पुरावा नेमका कशाचा? धान्याचे ओझे सुगीनंतर सर्वांत जास्त असे आणि पावसाळ्याअखेर उतरत जाई. पोती बहुधा भिंतीच्या कडेला रचली जात, आणि कडेचे ओझे कडीला मधल्या ओझ्याएवढे वाकवत नाही. शिवाय तेव्हाची कडी ताजी होती. मधल्या काळात किती पावसाळ्यांत कौले फुटली, किती वेळा भिंतीतून ओल उतरली, वाळवी कधी आली आणि कधी गेली, याचा जमाखर्च कुणी ठेवलेला नसतो. इतकी वर्षे टिकले यावरून लाकूड एके काळी पुरेसे होते एवढे सिद्ध होते. आज ते किती आहे, हे पाहावेच लागते.

आणि ते पाहायचे कुठे, तर टोकाला. कडीचा मधला भाग डोळ्यांसमोर असतो, त्याला वारा लागतो, चुलीच्या धुराने तो काळा पण कोरडा राहतो. टोक भिंतीच्या आत असते. तिथे ओल साचते, हवा खेळत नाही, आणि वाळवी भिंतीतूनच वर येते. लाकडातले पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. भिंतीच्या खोबणीत, विशेषतः पश्चिमेच्या पावसाच्या बाजूला, ते प्रमाण सहज वर जाते. म्हणून तपासणीला निघताना टॉर्च, जाड सुईचा टोचा किंवा पातळ स्क्रू-ड्रायव्हर आणि लहान हातोडी एवढे बरोबर घ्यावे. भिंतीपासून वीतभर अंतरावर आणि अगदी भिंतीला लागून, कडीच्या खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या अंगाला टोचा दाबावा. धड लाकडात टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाते आणि काढताना अडते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात गेल्यासारखे आत शिरते आणि बाहेर ओलसर चुरा येतो. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळी. कडीखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर भुंगेऱ्याची कीड. भिंतीवरून कडीकडे गेलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. सागाला कीड लागत नाही, हे अर्धेच खरे आहे. गाभ्याचे सागवान वाळवीला दाद देत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला ते संरक्षण नसते, आणि जुन्या घरांतल्या अनेक कड्यांना एखाद्या कडेने हा पांढरा भाग राहिलेला असतो. ऐन, किंजळ, फणस, आंबा हे तर निरनिराळ्या स्वभावाचे. आंब्याच्या लाकडावर भार टाकण्याचा विचार करूच नये. टोके पाहून झाली की मग वाकण मोजावे: कडीच्या बाजूला, दोन्ही टोकांच्या खालच्या कडेच्या रेषेत बारीक दोरी ताणून बांधावी आणि मधोमध कडीची खालची कड दोरीच्या किती खाली उतरली आहे ते पाहावे. इमारती लाकडाच्या रचनेविषयीचे भारतीय मानक ८८३ साधारणपणे गाळ्याच्या २४० व्या भागापर्यंत वाकण चालवून घेते, म्हणजे १० फुटांच्या गाळ्यात साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. वाकण त्याहून बरेच जास्त असेल, किंवा एकच कडी शेजारणींपेक्षा वेगळी वाकलेली असेल, तर तिचे टोक पुन्हा तपासावे.

कुजलेल्या टोकावर मधून कितीही लाकूड जोडले तरी भार शेवटी त्या टोकावरूनच भिंतीत जातो, म्हणून ते आधी दुरुस्त झाले पाहिजे. एकदोन कड्या बिघडलेल्या असतील तर टेकू देऊन, कुजका भाग धड लाकूड लागेपर्यंत कापून, त्या कडीच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या किंवा नवे लाकूड बोल्टने जोडून ते भिंतीवर टेकवता येते. ओळीने बऱ्याच कड्यांची टोके गेली असतील तर एक-एक करत बसण्यापेक्षा भिंतीला लागून, सगळ्या कड्यांच्या खालून एक आडवी तुळई दोन-तीन खांबांवर बसवावी. मग खोबणीतल्या टोकांवर अवलंबून राहण्याची वेळच येत नाही. नवे टोक भिंतीत घालताना खोबणीत बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवावी, सिमेंटने ती गच्च भरू नये. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांच्या द्रावणाचे दोन-तीन हात टोकाला द्यावेत. पण कौल गळत असेल तर आधी कौल. औषध हा त्यानंतरचा विचार.

यानंतर गाळा, आणि इथेच सर्वांत मोठा फायदा दडलेला आहे. कडीवर येणारा वाकवण्याचा जोर गाळ्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि प्रत्यक्ष वाकण चौथ्या घाताच्या पटीत. म्हणून दहा फुटांच्या मधोमध एक तुळई टाकून गाळा पाच-पाच फुटांचा केला तर त्याच कड्या चौपट भार उचलतात आणि तेवढ्याच भाराखाली त्यांचे वाकण सोळाव्या भागापर्यंत उतरते. वरच्या उदाहरणातल्या, मातीखाली दमलेल्या त्याच कड्या यामुळे कोठीच्या खोलीला पुरतील इतक्या होतात. चौपट कमावलेला भार हवेत विरत मात्र नाही; तो मधल्या तुळईवर गोळा होतो. खोली दहा फूट बाय दहा फूट आणि माळ्याचे स्वतःचे वजन धरून एकूण भार चौरस मीटरला ४०० किलो धरला, तर मधली तुळई सागवानात ५ इंच बाय ९ इंचांच्या आसपास लागते आणि तिच्या प्रत्येक टोकाखाली टनाहून अधिक भार उतरतो. हा भार जांभ्याच्या किंवा दगडाच्या, पण मातीच्या सांध्यांच्या भिंतीवर एका चिऱ्यावर टेकवणे धोक्याचे. टोकाखाली दीड-दोन फूट लांबीचा धड दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा घालून भार पसरवावा. त्याहून बरे म्हणजे भिंतीला लागून खांब उभे करावेत. खांबाखाली सारवलेली जमीन आणि तिच्याखाली भराव एवढेच असेल तर खांब खचत राहील. पक्का मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीट भरावे आणि वर तळखडा जमिनीपासून चार-सहा इंच उंच ठेवावा. जुन्या घरांत तळखडे शोभेसाठी नव्हते. पाणी आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये म्हणून होते.

मधे तुळई आली की खालच्या खोलीची उंची कमी होते आणि कपाळाला लागते, ही तक्रार रास्त आहे. लोखंडी गर्डर हा त्यावरचा एक मार्ग, कारण पोलाद सागवानापेक्षा सुमारे वीस पट ताठ असते आणि कमी उंचीत तेच काम करते. त्याला वजन, गंज आणि टोकांखालचा तोच भार या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. समुद्राजवळच्या घरात रेड ऑक्साइडचा एक हात देऊन भागत नाही, गॅल्वनाइज केलेला गर्डर घ्यावा. तुळई मुळीच नको असेल तर मात्र प्रत्येक कडीशेजारी नवी कडी जोडावी लागते. इथे बहुतेक जण रुंदीकडे पाहतात, आणि पाहायला हवे उंचीकडे. लांब लाकडी पट्टी आडवी धरली तर सहज वाकते, उभी धरली तर वाकत नाही, कडीचेही तेच. ताकद उंचीच्या वर्गाने वाढते, ताठरपणा घनाने. त्याच मापाची दुसरी कडी शेजारी लावली तर सगळे दुप्पट होते; पण चार इंचांऐवजी सहा इंच उंचीची एकच कडी ताकदीत सव्वादोन पट आणि ताठरपणात जवळजवळ साडेतीन पट भरते. म्हणून शेजारी लावायची कडी जुन्या कडीपेक्षा उंच घेता आली तर घ्यावी. ती दोन्ही भिंतींपर्यंत पोचली पाहिजे. मधेच संपणारी कडी वाकण थोडे कमी करते, टोकांना काहीच मदत करत नाही. लाकूड मुरलेले असावे आणि बसवण्याआधी काही आठवडे त्याच घरात, फळ्यांवर हवेशीर रचून ठेवावे. ओले लाकूड बसवल्यावर आकसते आणि सगळे बोल्ट ढिले पडतात. बसवण्याआधी वाकलेली जुनी कडी खालून जॅकने उचलावी, पण सावकाश: दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, आणि वरच्या भिंतींना तडे जात नाहीत ना हे पाहत. घाईने उचललेल्या कडीचा कडकन आवाज हा बहुधा पैसे बुडाल्याचा आवाज असतो. मग १२ मिलिमीटरचे बोल्ट, दीड फुटाच्या अंतरावर, एक वर एक खाली असे नागमोडी, दोन्ही बाजूंना रुंद वायसर घालून. नुसत्या खिळ्यांनी दोन कड्या एक होत नाहीत.

सर्वांत आग्रहाने सुचवला जाणारा उपाय वेगळाच असतो: वर सरळ चार इंचांचा स्लॅब ओतावा, लाकडाची कटकटच नको. चार इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला २५० किलो. मातीचे १७० उतरवून २५० चढवायचे आणि ते सुकेपर्यंत त्याच थकलेल्या कड्यांनी पेलायचे, याला मजबुतीकरण म्हणता येणार नाही. लाकूड आणि काँक्रीट यांना खास खुंट्यांनी जोडून एकत्र काम करायला लावण्याची पद्धत आहे, पण ती अभियंत्याच्या आराखड्याने, तुळया पुरेशा असतील तरच. जड वजन उंचावर नेण्याला आणखी एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात हजारो माणसे गेली ती मोठ्या प्रमाणात दगड-मातीच्या जाड भिंती आणि लाकडावर पेललेली मातीची जड माळवदे यांच्याखाली. दरवर्षी गळती थांबवण्यासाठी माळवदावर मातीचा नवा थर चढत असे. भूकंपात इमारतीला बसणारा हिसका तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, म्हणून माळ्यावरून उतरवलेला प्रत्येक किलो दोनदा कामी येतो. त्यातही भिंतींना कड्या व तुळया लोखंडी पट्ट्यांनी धरून ठेवल्या तर भिंती बाहेर फाकण्याचा धोका कमी होतो; खर्चाच्या मानाने एवढा उपयोगी दुसरा उपाय नाही.

पाण्याच्या टाकीबद्दल मतभेदाला जागाच नाही. हजार लिटर म्हणजे एक टन, तोही मीटर-सव्वा मीटरच्या गोलात. शिवाय टाकी कधी ना कधी गळते, आणि गळती पहिल्यांदा कड्यांना समजते, घरातल्यांना नंतर. टाकीला जमिनीपासून उभे केलेले स्वतंत्र लोखंडी मचाणच हवे. कपाटे ठेवायची तर भिंतीच्या कडेला, आणि कड्यांना आडवी, म्हणजे एका कपाटाचा भार एकाहून अधिक कड्यांत वाटला जाईल. कड्यांच्या दिशेने ठेवलेले कपाट एकाच कडीच्या माथी बसते. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्यावरही डोळा ठेवावा लागतो. कडीच्या मधल्या भागात खालून खाच पाडून नळी नेली तर उंचीच गेली, आणि उंची गेली म्हणजे काय गेले ते वर आलेच आहे. भोक पाडायचेच तर कडीच्या उंचीच्या मधोमध, लहान.

हे सगळे स्वतः करावे का? तपासणी जरूर करावी. माती उतरवणेही सावधपणे जमते. पण मधली तुळई, खांब, टोके कापणे आणि जॅकने उचलणे यांत संरचना अभियंत्याचा आराखडा घेणे खर्चिक वाटले तरी एखादी भिंत पुन्हा बांधण्यापेक्षा स्वस्त पडते. अभियंता सिमेंटचाच आग्रह धरील ही भीती निराधार नाही. म्हणून लाकडी इमारतींचे काम केलेला अभियंता निवडावा आणि कड्यांची मापे, गाळे, टोचून पाहिल्याच्या खुणा आणि ठेवायच्या ओझ्याची यादी त्याच्या हातात द्यावी. मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींत तर भाडेकरूने किंवा मालकाने स्वतःच्या मनाने तुळई हलवू नये. तिथे म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाशी आधी बोलावे. एका खोलीतली तुळई वरच्या सगळ्या मजल्यांची असू शकते. वारसा यादीतल्या वाड्याला महापालिकेची परवानगी लागते.

काम झाल्यावर त्याच जागी दोरी पुन्हा ताणावी, मधोमध अंतर मोजावे आणि तारखेसह कडीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. ओझे एकदम न चढवता टप्प्याटप्प्याने चढवावे. पहिल्या पावसाळ्यानंतर टोकांना टोचा पुन्हा लावावा, आणि पहिला उन्हाळा सरला की सगळ्या बोल्टांचे नट पाना घेऊन एकदा आवळावेत. लाकूड सुकून आकसलेले असते आणि प्रत्येक नट पाव ते अर्धा फेरा तरी घेतोच.